पंक्चर, टायर आणि माझा पहिला तास

माझ्या गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत दूध आणि भाजी सोडली, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द आहे ‘पंक्चर’. मोजून ११ वेळा! आता ११ पंक्चरचे पैसे ते असे किती, असे तुम्ही म्हणाल. पैशांचे मी सांगतच नाही. सांगायचे आहे ते त्यापायी बुडालेल्या तासांचे.

मी सकाळच्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. हा प्रकार ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, न घेतलेल्याचे मिळत नाहीत. रजाबिजा काही भानगड नाही. पहिला तास ७ वाजून २० मिनिटांनी. घर संभाजीनगरात, शाळा राजारामपुरीच्या बाजूला, सायकलने वीसेक मिनिटे. डबे, सासूबाईंचा चहा आणि औषध, लेकीची वेणी, सगळे उरकून सातच्या आत बाहेर पडायचे आणि उद्यमनगरच्या वळणावर मागचे चाक फुस्स करून बसायचे! त्या वेळी पंक्चरचे दुकान कुठले उघडे असणार? पदर खोचून सायकल ढकलत शाळेत पोचेपर्यंत पहिली घंटा केव्हाच होऊन गेलेली. असे पाच तास गेले.

सप्टेंबरात मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावले. रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “बाई, तुमची ओढाताण होतेय. पहिला तास दुसऱ्या कुणाला देऊ या का? तुम्ही दुपारचा घ्या.” दुपारी लेक घरी येते, सासूबाईंना एकटे ठेवता येत नाही. म्हणजे पहिला तास गेला की माझी नोकरीच गेली. घरी आमचे हे हसत म्हणाले, “तू शाळेसाठी काम करतेस की पंक्चरवाल्यासाठी?” चेष्टाच होती, पण लागली. स्कूटर घ्यायचा विषयही निघाला. हप्ता आणि पेट्रोल वजा केले, तर माझ्या हातात खडूची धूळ तेवढी उरली असती.

तेव्हा मी ठरवले, पंक्चर होत नाहीत म्हणतात ती टायर घ्यायचीच. घेतली नव्हे, घेतले. एकच, मागच्या चाकासाठी. साध्या टायरच्या दुपटीहून जास्त पैसे पडले. दिवाळीच्या साडीतून ते वळते केले. आणि आठव्या दिवशी पंक्चर!

त्या दिवशी मला रडूच आले असते. दुपारी सायकल घेऊन आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेले आणि दुकानदाराने कसे फसवले ते सांगू लागले. मामांनी ऐकून घेतले, ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले तिथे बोट ठेवून म्हणाले, “बाई, टायर कितीबी भारी बसवा. काटा बाहेरनं आलाच न्हाई. घरातनंच आलाय की!”

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला होते. आतले अंग म्हणजे जे टायरकडे नसते, चाकाच्या लोखंडी रिमकडे असते ते. रिमवर एक रबरी पट्टी असते, स्पोकची टोके ट्यूबला लागू नयेत म्हणून. माझी पट्टी कुजून तुटली होती आणि एका स्पोकचे गंजके टोक वर आले होते. नवे टायर घालताना ट्यूब आणि पट्टी मी जुनीच ठेवली होती. तेवढीच काटकसर!

मग आम्ही दोघांनी ती ट्यूब नीट पाहिली. ट्यूब कसली, वाकळच झाली होती ती. चार महिन्यांतली सात ठिगळे. तीन बाहेरच्या अंगाला, म्हणजे खरोखरीचे काटे नि काचा. दोन ठिगळे आतल्या अंगाला, त्याच पट्टीपाशी. आणि दोन ठिकाणी एका मोठ्या ठिगळाखाली शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. त्या काट्याच्या नव्हेतच. चाकात हवा कमी असली आणि सायकल खड्ड्यात आदळली, की ट्यूब टायर आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चिमटली जाते. दार लावताना बोट सापडावे तशी. उरलेल्या चार पंक्चरांपैकी दोन पुढच्या चाकाची होती आणि दोन तर पंक्चरच नव्हती. व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी चिरली होती.

म्हणजे हिशेब करा. मी घेतलेले महाग टायर आधीपासून मागच्या चाकात असते, तरी ११ पैकी फार तर तीन पंक्चर त्याने अडवली असती. बाकीच्यांवर ते टायर उपाय नव्हते. म्हणून तुम्हाला माझे सांगणे आहे, की दुकानात जाण्याआधी घरातली जुनी ट्यूब बाहेर काढा आणि तिची ठिगळे कुठे आहेत ते बघा. ट्यूब टाकून दिली असेल, तर पुढचे पंक्चर काढताना समोर उभ्या राहा आणि भोक दाखवायला सांगा. पंक्चरवाल्यांना त्याचे काही वाटत नाही. उलट मामा खूष झाले, बाई असून बघायला थांबल्या म्हणून!

आता समजा, ठिगळे बाहेरच्याच अंगाला आहेत. आपल्या कोल्हापुरात तशीच असण्याचा संभव जास्त. उद्यमनगरात आणि पोवार नगरात लेथवर लोखंड कातले जाते. त्याचा कुरळा कीस ट्रकमधून, ट्रॉलीतून रस्त्यावर सांडतो. खोबऱ्याच्या किसासारखा दिसतो, पण टोक सुईचे. उसाचा हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याच्या कारखान्याकडे बैलगाड्या लागतात. बैलांच्या पत्र्यांचे खिळे निखळून वाटेत पडतात. कळंब्याकडे, फुलेवाडीकडे कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या वाऱ्याने रस्त्यावर येतात. आणि पाऊस संपला की कडेच्या मोकळ्या जागेत सराटे. या सराट्याचे फळ वाळून फुटले की त्याचे तुकडे असे पडतात, की एक काटा हमखास वर राहतो. अमेरिकेतले सायकलवालेसुद्धा याच सराट्याच्या नावाने खडे फोडतात. तो तिकडचा नव्हेच, आपल्याकडच्या जुन्या जगातून तिकडे गेलेला.

पावसाळ्यात पंक्चर का वाढतात, हे मला पूर्वी कळत नसे. पाण्याने रबर बुळबुळीत होते आणि काच किंवा कीस त्यात सहज घुसतो. ओल्या सुरीने रबर कापून पाहा, कोरडीपेक्षा चटकन कापते. शिवाय रस्त्यावरची घाण वाहत कडेला येते, आणि आपण बायका सायकल चालवतो ती नेमकी कडेने. खड्डे पाण्याने भरलेले असतात, ते दिसत नाहीत ते वेगळेच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर रस्त्यांवर जो गाळ राहिला होता, त्यात काय काय होते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

या काट्याकाचांसाठी मात्र चांगले टायर घ्यावे. ते कसे असते हे समजून घ्यायला आपण बायकांनी घाबरण्याचे कारण नाही. टायर म्हणजे शेवटी कापडच. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या डनलॉपसाहेबांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले, तेही रबरी नळीवर कापड गुंडाळूनच. आजही टायरच्या आत नायलॉनच्या धाग्यांचे कापड असते आणि वर रबर थापलेले. पंक्चर रोखणाऱ्या टायरमध्ये या कापडाच्या आणि वरच्या रबराच्या मध्ये आणखी एक थर घालतात. हा थर दोन तऱ्हांचा.

एक असतो चिवट धाग्यांचा पट्टा. त्यातला सगळ्यात नावाजलेला धागा केवलार. बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटे करतात तोच. हा धागा एका बाईच्या हातून सापडला, हे मला टायर घ्यायला निघाले तेव्हा कळले आणि फार बरे वाटले. स्टेफनी क्वोलेक तिचे नाव. आई शिवणकाम करणारी, दहा वर्षांची असताना वडील गेलेले. तिला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी पैसे साठवावेत म्हणून १९४६ साली ती अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत तात्पुरती म्हणून लागली आणि तिथेच राहिली. पेट्रोलची टंचाई येईल म्हणून मोटारीची टायर हलकी पण मजबूत करणारा धागा कंपनीला हवा होता. १९६५ साली तिच्या भांड्यात एक विचित्र द्रावण तयार झाले. एरवी अशी द्रावणे काकवीसारखी दाट आणि नितळ असत. हे पातळ आणि गढूळ, अगदी ताकासारखे. दुसऱ्या कुणी मोरीत ओतून दिले असते. धागा काढण्याचे यंत्र चालवणारा माणूसही आधी तयार होईना, त्याच्या चाळणीची भोके बुजतील म्हणून. तिने हट्ट धरला. त्या ताकातून निघालेला धागा वजनाच्या हिशेबात पोलादाच्या पाचपट मजबूत ठरला. २०१४ साली ती वारली.

पण गुण सांगितला तसा दोषही सांगते. हा पट्टा काचेला, किसाला उत्तम अडवतो. बारीक अणकुचीदार काटा मात्र कधी कधी दोन धाग्यांच्या मधून वाट काढतो. शेवटी तो विणलेलाच ना!

दुसऱ्या तऱ्हेत धाग्याऐवजी मऊ रबराचाच जाड थर असतो. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये तो ५ मिलिमीटरचा आहे. म्हणजे काटा घुसला तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. सराट्याला, किसाला हे चांगले. बाभळीचा दोन इंची काटा सरळ आत आला तर तेही हरते, म्हणून ‘पंक्चर कधीच होणार नाही’ असे कुणी छातीवर हात ठेवून सांगितले तर विश्वास ठेवू नका. शिवाय असे टायर जड असते. पहिले काही दिवस मला कुणी मागून सायकल धरून ठेवल्यासारखे वाटे. रोजच्या चार किलोमीटरला ते अंगवळणी पडते. चढाच्या रस्त्याने रोज दहा-बारा किलोमीटर जाणारीने विचार करावा.

लुधियानाची राल्सन आणि अशा इतर देशी कंपन्यांची साधी टायर आपल्याकडे सगळीकडे मिळतात. त्यातही जाड आणि पातळ असा फरक असतो. टायर हातात घेऊन मधोमध दोन्ही अंगठ्यांनी दाबा, कडा वाकवून बघा. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात टांगलेल्या टायरला कडेने केसासारख्या भेगा पडलेल्या असतात, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि डोंगरी सायकलीसारखी मोठमोठ्या गाठींची टायर रुबाबदार दिसतात म्हणून घेऊ नका. डांबरी रस्त्यावर ती नुसती घरघरतात आणि दोन गाठींच्या मधे रबर पातळच असते.

एकाच टायरपुरते पैसे असतील तर ते मागे घाला. आपले वजन, वह्यांचे ओझे, भाजीची पिशवी, सगळे मागच्या चाकावर असते. आणि पुढचे चाक आडवा पडलेला खिळा उभा करून ठेवते, तो मागच्याला लागतो. पुढचे टायर मात्र गुळगुळीत झालेले ठेवू नका. ओल्या रस्त्यावर पुढचे घसरले, की सायकल सावरत नाही.

आता मापाचे. इथे मी स्वतः फसले आहे. माझ्या सायकलवर ‘२६’ लिहिलेले, म्हणून ‘२६ चे द्या’ म्हटले. घरी आल्यावर ते चढेचना. बांगड्यांचे माप जसे नुसते ‘दोन’ सांगून चालत नाही, दोन-चार की दोन-सहा ते सांगावे लागते, तसेच हे. २६ × १ ३/८ आणि २६ × १.९५ ही दोन्ही ‘२६’ चीच, पण एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. खरे माप टायरच्या कडेला बारीक अक्षरांत मिलिमीटरमध्ये असते. लेडीज सायकलवर बहुधा ‘३७-५९०’ असे दिसेल. ३७ ही रुंदी, ५९० हा रिमचा व्यास. दुसरा आकडा अगदी जुळलाच पाहिजे. पहिला थोडा कमीजास्त चालतो, मडगार्डला घासत नाही एवढे पाहायचे. हा आकडा चिठ्ठीवर उतरवून मगच दुकानात जा. मोबाइलवरून मागवणार असाल तर हेच करा. चांगली टायर सगळ्या मापांत मिळत नाहीत, आणि ‘जवळपासचे’ घेऊन काही उपयोग नाही.

टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायच्या पट्ट्या मिळतात, किंवा जुनी ट्यूब कापूनही घालतात. साध्या टायरला स्वस्तातला आधार म्हणून ठीक. पण कडक प्लास्टिकच्या पट्टीची कड ट्यूबला घासून घासून तीच भोक पाडते, तेव्हा कडा मऊ आहेत ना ते बघा. ट्यूबमध्ये घालायचे औषधही मिळते. बारीक भोके ते आपोआप बुजवते, मात्र काही महिन्यांत वाळते. भरीव रबराची टायर मी एका शेजारणीची चालवून पाहिली. पंक्चर नाही हे खरे, पण शाळेत पोचेपर्यंत पाठीचा कणा मोजता येईल!

राहिली हवा. मामांचे म्हणणे, अर्धी पंक्चर हवेत असतात. ट्यूब कितीही चांगली असली तरी रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. आपण अंगठ्याने दाबून ‘आहे की’ म्हणतो, आणि जाड थराच्या टायरला तर अंगठा काहीच सांगत नाही, ते रिकामेही टणक लागते. टायरच्या कडेला हवेचा आकडा ‘पीएसआय’ म्हणून दिलेला असतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मी काट्याचा पंप घेतला. मागे मधल्या आकड्याच्या थोडी वर, पुढे थोडी खाली, अशी दर रविवारी केस धुवून झाले की हवा भरते. आपल्या जुन्या पद्धतीच्या, रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर पंपाचा काटा खरे सांगत नाही. म्हणून नवी ट्यूब घेताना मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची घेतली. रिमच्या त्याच भोकात ती बसली. त्याने नळी चिरण्याची कटकटही गेली. पण पेट्रोल पंपावर हवा भरायला गेलात तर लक्ष ठेवा. तिथला पंप क्षणात एवढी हवा भरतो की ट्यूब फुटायची.

आणि एक. पंक्चर काढले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, असे झाले असेल तर पहिला काटा टायरमध्येच आहे असे समजा. ठिगळ ट्यूबला लागते, काटा टायरमध्ये रुतलेला असतो. बोटाने शोधू नका, रक्त येईल. कापसाचा मोठा बोळा घ्या आणि टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील, तिथे काटा. चिमट्याने ओढून काढा. माझ्या टायरमध्ये असा किसाचा एक तुकडा सापडला, तांदळाच्या कणीएवढा. तीन ठिगळांपैकी दोन त्याच्याच नावावर असावीत.

नव्या पट्ट्या, नव्या ट्यूबा आणि मागे ते टायर, असे सगळे मामांकडून बसवून घेतले तेव्हा गेल्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला होता. मुख्याध्यापिकाबाईंकडून मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. यंदाच्या वहीत जून ते सप्टेंबर ‘पंक्चर’ एकदाच आहे. तेही पुढच्या चाकाचे, जिथे अजून साधे टायर आहे. रविवार होता, तास बुडाला नाही. लेक आता सायकलने शिकवणीला जाणार म्हणते. तिच्या सायकलच्या रिमवरच्या पट्ट्या मी परवाच काढून पाहिल्या. दोन्ही कुजलेल्या निघाल्या.